लंकेची सून आणि बेळगावचे पुतणे

लोक काश्मीरला जातात, दुबईला जातात, परत आल्यावर फोटो दाखवतात आणि लिहितात. मी निपाणीहून बेळगावला जाऊन आले. लाल बसनं दीड-दोन तासांचा रस्ता. "एवढ्याचं कसलं प्रवासवर्णन, आई?" असं मुलानंच विचारलं. त्याला म्हटलं, गप बस. मागच्या वर्षी लंकेला जाऊन आले तेव्हा सगळी गल्ली मागं लागली होती, लिहा की बाई, लिहा की. तेव्हा हात उचलला नाही. आता राग आलाय, तर लिहिणार.

ज्यांचं बापजाद्यांपासून स्वतःचं घर आहे, ज्यांना कधी परक्याच्या दारात उभं राहून "घर भाड्यानं मिळंल काय हो?" असं विचारावं लागलं नाही, त्यांनी हे जरूर वाचावं. त्यांच्या गाडीला हा रस्ता कधी लागणार नाही. त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

निपाणी

मी कांबळेबाई. आई बिड्या वळायची. तंबाखूच्या धुळीत खोकत खोकत तिनं मला शिकवलं आणि मी उभा जन्म मराठी शाळेत पोरांना शिकवण्यात घालवला. आमचे हे वारले. सुमेध एकुलता एक. तो तिकडं कतारात, दोह्याला, दवाखान्यातली मशिनं दुरुस्त करायचा, तिथंच दिलिनी नर्स होती. जमलं दोघांचं. ती श्रीलंकेची, गॉल शहराजवळच्या खेड्यातली, आणि बौद्ध. आम्हीही बौद्ध. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "बाई, तुमच्या पोरानं समुद्रापल्याडनं आपल्यातली पोरगी हुडकून आणली की वो!" मला आभाळ ठेंगणं झालं.

लग्नाला आम्ही लंकेत गेलो तेव्हा दिलिनीच्या घरच्यांनी एका म्हातारीच्या माडीवर आम्हाला खोल्या भाड्यानं घेऊन दिल्या होत्या. त्या म्हातारीनं मला दोनच गोष्टी विचारल्या. तिखट किती खाता, आणि सकाळी अंघोळीला गरम पाणी लागतं काय. आडनाव नाही, गल्ली नाही, "तुम्ही कुणाचे" नाही. निपाणीला परत आल्यावर मी वर्षभर हेच सांगत सुटले. बुद्धाचा देश बघा, म्हटलं, तिथं माणसाला माणूस म्हणतात. ज्यानं ऐकलं त्यालाही सांगितलं, ज्यानं ऐकलं नाही त्याला दोनदा सांगितलं.

यंदा सुमेधला बेळगावच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आणि दोघं इकडं आले. दिलिनीचा हा देशच नवा. तरी निपाणीत ती रुळली. भाकरी खायला शिकली, आमचा ठेचा तिला गुळचट लागतो, आणि ती करंल त्या भाजीत नारळ. पण तिला सातवा लागलेला आणि बीपी वाढत चाललेलं. बेळगावची डॉक्टरीण म्हणाली, निपाणीहून असे हेलपाटे घालू नका, दवाखान्याजवळ बिऱ्हाड करा, ऐनवेळी काही झालं तर घाटात अडकून पडाल. तिकडं गॉलहून विहीणबाईंचा रोज फोन. घर मिळत नसेल तर लेकीला आमच्याकडं पाठवा, आठवा सरत आला की विमानवाले चढू देणार नाहीत.

सुमेध तोवर दवाखान्याच्या हॉस्टेलात राहत होता. तो म्हणाला, "आई, ह्या आठवड्यात घर न्हाई झालं तर मी तिचं तिकीट काढतो." आता ती गेली की मागनं हा जाणार. दोघं गेले की नातवंड तिकडंच वाढणार आणि मी त्याला फोनच्या काचेत बघणार. मी म्हटलं, तू तुझी ड्युटी सांभाळ. घर मी हुडकते. तुझ्या बायकोला संगं घेऊनच जाते, तिला पसंत पडलं पाहिजे.

तवंदी घाटात पुढं उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि कानठळ्या बसवणारी गाणी. दिलिनीला उलटी झाली ती थेट माझ्या नव्या इरकलीवर. ती मला कधी आई म्हणते, कधी तिच्याकडच्यासारखं अम्मा म्हणते. "सॉरी अम्मा, सॉरी अम्मा" म्हणताना कंडक्टरनं ऐकलं आणि तो तिच्याशी फडाफडा कन्नड बोलायला लागला. ही नुसती हसते. त्याला वाटलं, पोर बहिरी आहे. मग हातवारे करून त्यानं खिशातलं लिंबू काढून दिलं. आमच्या दोघींचं बोलणं म्हणजे थोडं इंग्रजी, थोडं तिचं दोह्याचं हिंदी, थोडी मराठी. ती खिचडी इथं कुठं मांडत बसू, मी सरळ मराठीतच लिहिते.

शहापूर

शकू माझी मावसबहीण, बेळगावातल्या शहापुरात राहते. विणकरांकडनं साड्या घेऊन घरोघर विकते. शहापूर-वडगावातली दारं तिला तोंडपाठ. तिच्याच एका खोलीत आम्ही उतरलो. "घरं काय, पैशाला पासरी हाईत," शकू म्हणाली, "उद्या सकाळी जाऊ."

पहिलंच घर असं होतं की मी मनात पाळणा टांगला. दोन खोल्या, वर गच्ची, सकाळचं ऊन. मालकांना सगळे अण्णा म्हणत. धोतर, बनियन, तोंडात पान, लई गोड माणूस. "या आक्का, बसा. पोरीला खुर्ची द्या गं." त्यांनी माळा दाखवला, मोरी दाखवली. दिलिनीनं स्वयंपाकघरातला नळ सोडून बघितला, खिडक्या उघडून बघितल्या, बाळाची गादी कुठं घालायची ते मला हातानं दाखवलं. भाडंही जमत होतं.

"नाव काय म्हणालासा?" अण्णांनी विचारलं.

"कांबळे."

"कंचे कांबळे?"

"निपाणीचे."

"तसं न्हवं वो आक्का. म्हंजे कांबळ्यांत बी…"

"तेच. तुमच्या मनात हाईत तेच."

अण्णा पान थुंकायला बाहेर गेले. परत आले ते पुतण्याला घेऊनच आले. म्हणजे तोंडात. "बघा, इसरलोच की मी. आमचा पुतण्या येणार हाय पुण्यासनं. त्येला कबूल केलीया ही जागा. वय झालं बघा, ध्यानात ऱ्हात न्हाय."

जिना उतरताना दिलिनीनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, पाण्याचा लई त्रास आहे इथं. "अच्छा, पाणी," ती म्हणाली आणि कठडा धरून खाली उतरली.

का खोटं बोलले? तिच्या देशात जाऊन मी हुरळून आले होते. आता माझ्या देशात, पोटुशी पोर बरोबर घेऊन, तिला काय सांगू? की बाई, तुझ्या पोटात जे वाढतंय त्याचं आडनाव ऐकून माणसं पान थुंकायला बाहेर जातात? राग आला होता तो अण्णांचा, आणि तोंड लपवत होते मी. हे कुठलं गणित?

दिवसभरात आणखी चार-पाच घरं बघितली. एका ठिकाणी पुतण्या हुबळीहून येणार होता. एका ठिकाणी बेंगळुरूहून, बायकापोरांसकट. बेळगावच्या सगळ्या घरमालकांचे पुतणे त्याच आठवड्यात कुठनं-कुठनं निघाले होते कुणास ठाऊक. खरोखर आले असते तर बसस्टँडवर उभं राहायला जागा उरली नसती. एका बाईंना पुतण्या नसावा बिचाऱ्यांना, त्यांनी वास्तुशास्त्र काढलं. गरोदर बाईनं त्या दिशेच्या घरात राहू नये म्हणे. मी म्हटलं, मग तुमच्या दोन्ही सुना त्याच घरात बाळंत झाल्या त्या कशा? तर दार लावून घेतलं.

निपाणीत असं नसतं, असं मी म्हणत नाही. निपाणीत गल्लीवरनंच कळतं, म्हणून कुणी विचारायच्या फंदात पडत नाही.

हिंडलगा

दुसऱ्या दिवशी शकूला साड्या घेऊन कुठंतरी जायचं होतं. आम्ही दोघीच हिंडलग्याला गेलो. तिथले मालक सरकारी नोकरीतनं रिटायर झालेले साहेब. त्यांनी आडनावाच्या आधी पासपोर्ट मागितला. मी म्हटलं, चला, आज नवीन काहीतरी.

"परदेशी पासपोर्ट म्हणजे पोलिसांत कळवावं लागतं," साहेब म्हणाले. "ऑनलाइन फॉर्म असतो. कोण करणार ते?"

"माझा मुलगा भरंल की. बसल्या जागी होतंय."

"तसं नव्हे हो मॅडम. उद्या चौकशीला कोणी आलं तर? लंकेत ते टायगर वगैरे होते ना?"

"ते संपून जमाना झाला, साहेब. आणि ही त्यातली न्हवं. ही नर्स हाय. ह्या पोटाच्या घेरात हिच्या बुटाची नाडी हिला बांधता येत न्हाय, बाँब कुठं बांधणार?"

बाँब एवढा शब्द दिलिनीला कळला आणि ती खो-खो हसायला लागली. साहेब हसले नाहीत. "मिसेस देवळात गेली आहे, तिला विचारून कळवतो," म्हणाले. आत लसणाची फोडणी बसत होती आणि बांगड्या वाजत होत्या. देवळातनं फोडणी घालणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली.

परत येताना हिंडलग्याच्या जेलची लांबच लांब भिंत लागते. माझ्या मनात आलं, ह्या गावात एवढी एकच जागा आहे जिथं आत घेताना कुणाचा पुतण्या आडवा येत नाही. दिलिनीला हे सांगितलं नाही. तिला विचारलं, भूक लागली काय?

रस्त्याकडंच्या छोट्या हॉटेलात आम्ही इडली-वडा खाल्ला. मालकीणबाईंनी "अम्मा" ऐकलं आणि दिलिनीला आपल्यातलीच समजून कन्नडात विचारपूस चालू केली. कितवा, उलट्या थांबल्या काय, आई कुठं असते. मी दुभाषी. बाईंनी न मागता ताटलीत आणखी एक गरम वडा टाकला, वर घरच्या लोण्याचं बोट लावलं, म्हणाल्या, पोटातलं मागतंय, खाऊ दे. दिलिनीनं ती इडली तिच्या गावच्या तांदळाच्या शेवयांशी, तिथल्या नारळाच्या सांबाऱ्याशी ताडून बघितली आणि बेळगावला पास केलं. त्या बाईंनी मला आडनाव विचारलं असतं तर पुढं काय झालं असतं, मला माहीत नाही. त्यांनी विचारायच्या आत मी उठले. इतकी मी त्या दोन दिवसांत भित्री झाले होते, आणि त्याचाही मला राग येत होता.

बेळगुंदीच्या रस्त्याला

तिसऱ्या दिवशी सुमेधच्या दवाखान्यातल्या कुणीतरी फोन करून एक घर सुचवलं. बेळगुंदीच्या रस्त्याला नवीन वसाहत झाली आहे, तिथं. भात कापून मोकळी झालेली शेतं, लाल माती, मधनंच रताळ्याचे वेल आणि डोंगराकडनं येणारा गार वारा. रिक्षानं दवाखाना जवळ. घराच्या मालकीणबाई शिकलेल्या, केस कापलेले, सगळ्यांना गोड आवाजात "अहो" म्हणणाऱ्या. त्यांना मी मॅडमच म्हणते.

दारातच बुद्धाची मूर्ती. काळ्या दगडाची, खाली छोटं कारंजं, पाण्यात हिरवा-निळा दिवा. आणि मूर्तीला टेकून चपलांचं स्टँड. दिलिनीनं फाटकापाशीच चपला काढल्या. खडीवरनं अनवाणी चालत आली. मूर्तीसमोर, ते पोट सावरत, गुडघे टेकून बसली, आणि एक-एक करून सगळ्या चपला उचलून लांब नेऊन ठेवल्या. मग हात जोडले.

"अय्या, किती संस्कार!" मॅडम म्हणाल्या. चपला का हलल्या ते त्यांना कळलं नाही. "श्रीलंकेची ना तू? बुद्धाच्या देशातली! मी दरवर्षी मौनाच्या शिबिराला जाते, माहितेय? दहा दिवस एक शब्द बोलत नाही." त्यांनी दिलिनीला सोफ्यावर बसवलं, बशीत कुंदा दिला, पाठीमागं उशी सरकवली. घर तर असं, की काय सांगू. खालीच, जिना नाही. दोन खोल्या, मागं परसू, परसात पेरूचं झाड. "घर तुझंच समज," मॅडम म्हणाल्या. "मिस्टर कुठले?"

"निपाणी," दिलिनी म्हणाली.

"हो का? निपाणीत कुणाचे?"

दिलिनीनं माझ्याकडं बघितलं. तिनं बघितलं म्हणून मॅडमनीही बघितलं. तोवर बहुतेक त्यांनी मला दवाखान्यातली आया समजलं होतं. कुंदा मला आला नव्हता.

"मी त्याची आई," मी म्हटलं. "कांबळे."

मॅडमचं हसू गेलं नाही. तसंच राहिलं, नुसतं थांबलं. मग म्हणाल्या, "या ना, तुम्हाला किचन दाखवते." आणि आत गेल्यावर आवाज खाली आणला.

"तुम्ही शिकलेल्या दिसता, म्हणून मोकळेपणानं बोलते हं. मी स्वतः काही मानत नाही. मुलीला मी आनंदानं ठेवीन. तिचं काय, ती परदेशी, तिला इथलं काय लागू होतंय? मुलगाही शिकलेला. फक्त तुमच्याकडच्या माणसांचं येणं-जाणं जरा… आणि जयंतीला दारात झेंडा वगैरे नको. बाळंतपणाला बाई मी बघून देते ना. तुम्ही काय, अधनंमधनं दिवसा येऊन जा. मुक्काम नको. आजूबाजूला कळायला नको, एवढंच."

म्हणजे बौद्ध चालतात, पण समुद्रापलीकडचे. बुद्ध चालतो, पण कारंज्यात बसलेला. नातवंड माझं, आणि मी त्याला दिवसाउजेडी, आजूबाजूला कळणार नाही असं बघून जायचं! दहा दिवस न बोलता बसायचं आणि अकराव्या दिवशी हे बोलायचं! ओट्यावर कुंद्याचं भांडं होतं, ते उचलून भिंतीवर मारावं असं वाटलं. आणि मी काय केलं? "बरं," म्हटलं. तिकीट डोळ्यांपुढं होतं. म्हटलं, मी नसले तरी चालंल, पोर ह्या देशात तरी राहील.

मॅडम म्हणाल्या, "थँक यू हं, समजून घेतलंत." अजून कानात आहे ते माझ्या.

तिथलाच बसस्टॉप

रिक्षा मिळेना, म्हणून आम्ही बसस्टॉपवर बसलो. बाजूला दोन-तीन बाया आणि एक म्हातारा. मी दिलिनीला म्हटलं, "घर झालं एकदाचं. मी मात्र जास्त येणार न्हाय बघ. गुडघे दुखतात, बस सोसत न्हाय."

ती रस्त्याकडं बघत बसली होती. मग म्हणाली, "आई, पहिल्या घरात नळाला पाणी होतं. मी सोडून बघितला."

मी पिशवीतली पाण्याची बाटली हुडकायला लागले.

"सुमेधनं मला दोह्यातच सगळं सांगितलंय. लग्नाच्या आधी. तुमचं आडनाव, तुमच्या आईच्या बिड्या, सगळं. तुम्ही रोज खोटं बोलत होता. मीही रोज 'अच्छा' म्हणत होते."

"मग सांगायचं न्हाईस मला?"

"तुम्हाला लाज वाटत होती. आणि मला तुमच्यापेक्षा जास्त वाटत होती."

मग तिनं सांगितलं. हळूहळू, शब्द हुडकत. तिचे आजोबा देवळात ढोल वाजवायचे. बुद्धाच्या देवळात, बुद्धासमोर. ढोल वाजवायला त्यांचीच माणसं लागतात, पण सोयरीक करायला कुणी येत नाही. लंकेतही घराण्याच्या नावावरनं कळतं, कोण कुणाचं. कोलंबोला नर्सिंग शिकायला गेली तेव्हा तिनं खोली बघितली. घरमालकिणीनं आधी गाव विचारलं, मग घराण्याचं नाव विचारलं. "मग तिचा भाचा येणार होता, आई. तिचाही." पुढं वडिलांनी पेपरात जाहिरात देऊन आडनाव बदलून घेतलं, घरातल्या सगळ्यांचं. आता जे आडनाव आहे ते कुणाचंच नाही.

"आणि ती म्हातारी?" मी म्हटलं. "तुझ्या लग्नातली? तिनं तर मला काही म्हणजे काही विचारलं न्हाय!"

"ती आमच्यातलीच, अम्मा. तिला सगळं माहीत होतं, ती कशाला विचारंल? आमचे पाहुणे म्हटल्यावर आधी दोन घरांनी नाही म्हटलं होतं. तुम्हाला कळू नये म्हणून आम्ही सगळे किती धडपडत होतो."

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी वर्षभर निपाणीत ज्या देशाचे गोडवे गात हिंडले तो देश त्या बसस्टॉपवर माझ्या हातातनं गेला. त्या अण्णाचा राग, साहेबाचा राग, मॅडमचा राग, सगळा एकदम वर आला. बुद्धासमोर? अरे, बुद्धासमोर तरी नको होतं! आमच्या माणसांनी सगळं सोडून ज्याचा पदर धरला, त्याच्याच दारात हे? कुठं जायचं मग माणसानं?

"मला त्या बाईचं घर नको," दिलिनी म्हणाली. "तुम्ही चोरून येणार त्या घरात मी राहणार नाही. त्यापेक्षा मी गॉलला जाते."

"मग जा!" मी ओरडले. "जा जा! तिकडं तरी कुठं ठेवलंय तुला सोनं? तिकडं बी भाचेच बसलेत की!"

बसस्टॉपवरच्या बाया बघायला लागल्या. म्हाताऱ्यानं विडी विझवली. दिलिनीनं माझा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. आत लाथा चालल्या होत्या. भांडण ऐकून जागं झालं होतं बहुतेक. दोघीही रडलो, मग नाक पुसलं, मग बस आली.

शकूच्या घरी पोचल्यावर दिलिनीनंच मॅडमना फोन लावला आणि चार शब्दांत मिटवलं. घर नको. चपला तेवढ्या मूर्तीपासनं लांब ठेवा. मॅडम काहीतरी विचारत होत्या, हिनं फोन ठेवला.

वडगाव

शकू म्हणाली, "एक घर हाय वडगावात. मी सांगत नव्हते. खाली माग हाईत, वर खोल्या. आवाजानं कुणी टिकत न्हाय. बाळंतिणीला तिथं कुठं न्यायची?"

"चल," दिलिनी म्हणाली.

वडगावात शिरलं की आधी आवाज येतो, मग गल्ली दिसते. खटक-खटक, खटक-खटक, प्रत्येक दारातनं. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. त्या घरात तीन यंत्रमाग. मालकीण आक्का, केसांत कापसाचं तूस अडकलेलं, हातात धोटा, तुटलेला धागा जोडत उभी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दिलिनी पुढं झाली. तिच्या मराठीत, एक-एक शब्द मोजत म्हणाली, "आक्का, आम्ही कांबळे. निपानी. मी लंका. आई पन येनार. राहनार. चालतंय?"

आक्कानं बटण दाबून माग बंद केला. "काय म्हणतीया ही? ऐकाय आलं न्हाय."

बाकीचे दोन चालूच होते. दिलिनीनं परत सांगितलं, ह्या वेळी ओरडून. मागावरचा आक्काचा नवरा वळून बघायला लागला, दारातनं जाणारी एक बाई थांबली. आक्कानं हिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आला आता पुतण्या.

"कांबळे व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. मान ताठ करून म्हटलं. आणखी एक शब्द वाकडा आला असता तर मी तिथंच मैदान मांडलं असतं, इतकी मी तयारीत होते.

"मागले दोन भाडेकरू आवाजाला कंटाळून पळाले," आक्का म्हणाली. "तुमी पळणार असशीला तर आत्ताच सांगा, मला परत-परत माणसं हुडकाय येळ न्हाय. आमची दोन्ही पोरं ह्याच आवाजात निजली. माग बंद पडला की उठून रडायची. जावा वर, बघून या."

आक्का मनानं चांगली म्हणून जागा दिली, की खोल्या रिकाम्या पडून होत्या म्हणून दिली, मी विचारलं नाही. उपकार मानायला मी बेळगावला गेले नव्हते. खोल्या बऱ्या आहेत. जिना चढताना मी दिलिनीच्या मागं राहते. रस्त्याच्या अंगाला गॅलरी आहे, आणि उभं राहिलं तर मसुरीची शेतं दिसतात. तिकीट निघालं नाही. विहीणबाईच आता इकडं येणार आहेत, त्या आणि मी एकाच खोलीत झोपणार.

परत आल्यावर निपाणीत जो तो म्हणतो, मिळालं न्हवं घर, मग सोडा की बाई आता राग. का सोडू? घर मिळालं ते त्या अण्णामुळं, साहेबामुळं, मॅडममुळं मिळालं काय? त्यांची घरं अजून तिथंच आहेत आणि उद्या आणखी कुणीतरी त्यांचे जिने चढणार आहे.

सामान टाकलं त्या दुपारी गॉलहून दिलिनीच्या वडिलांचा फोन आला. बाळंतपणासाठी तेलं, पाले, औषधं पार्सलनं पुढं पाठवायची होती, पत्ता पाहिजे होता. खाली तिन्ही माग चालू. दिलिनी गॅलरीत उभी राहून एका कानात बोट घालून सिंहलीत ओरडत होती. मला त्यातलं वडगाव कळलं, बेळगाव कळलं. मग तिकडनं वडील बराच वेळ काहीतरी बोलत राहिले आणि हिचा चेहरा बदलत गेला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, पार्सलवर आडनाव नको. गाव नवीन आहे, सगळ्यांना कशाला कळायला पाहिजे. नुसतं दिलिनी आणि घराचा नंबर लिहितो म्हणतात."

ती परत फोनकडं वळली. "कांबळे," म्हणाली. तिकडं ऐकू गेलं नसावं, किंवा गेलंही असंल. वडील परत काहीतरी बोलले. तिनं पोटावर हात ठेवला, श्वास घेतला, आणि मागांचा सगळा आवाज खाली राहील अशी ओरडली, "कांबळे, तात्ता! कांबळे!"

समोरच्या गॅलरीत धुणं वाळत घालणारी बाई थांबली आणि आमच्याकडं बघत राहिली. मी जाऊन दिलिनीच्या शेजारी उभी राहिले.